चेन्दमंगलमचे सिनेगॉग : वास्तू आणि वस्ती

केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात, पेरियार नदीच्या फाट्यांनी वेढलेल्या सखल मुलखात चेन्दमंगलम नावाचे गाव आहे. कोचीन संस्थानची दिवाणगिरी पिढ्यान् पिढ्या सांभाळणाऱ्या पालियम घराण्याचा वाडा इथलाच. इथल्या हातमागाच्या कापडालाही नाव आहे. गावातल्या कोट्टयिल कोविलकम या भागात मंदिर, मशीद, चर्च आणि सिनेगॉग अशी चार प्रार्थनास्थळे पायी जाण्याच्या अंतरावर उभी आहेत. शंख, बांग, चर्चची घंटा आणि ज्यूंच्या शोफार या शिंगाचा आवाज हे चारही नाद एका जागी उभे राहून ऐकू येत, असे या गावाबद्दल सांगितले जाते. शोफारचा आवाज १९५०च्या दशकात थांबला. सिनेगॉगमध्ये जमणारी कुटुंबे इस्रायलला निघून गेली आणि इमारत मागे राहिली.

या इमारतीचे साल १६१४ असे सांगतात. जांभ्याच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी छत आणि वर कौले असा तिचा सगळा बाज केरळी आहे. रत्नागिरी-रायगडकडच्या माणसाला ती पाहताक्षणी ओळखीची वाटावी. दाराशी एक थडग्याचा दगड उभा आहे. त्यावरच्या हिब्रू लेखात इस्राएलची मुलगी सारा हिचे नाव असून साल निघते १२६९. भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या हिब्रू लेखांत त्याची गणना होते. म्हणजे दगड इमारतीपेक्षा जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी जुना आहे. कोडुंगल्लूर या प्राचीन बंदराभोवतीच्या ज्यू वस्त्या पांगल्या आणि लोक आसपासच्या गावांत येऊन राहिले, या परंपरेशी हा दगड जुळतो.

वापर थांबल्यावर इमारत अनेक वर्षे बंद होती. पुढे ती केरळच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आली, तिचा जीर्णोद्धार झाला आणि २००६ साली चेन्दमंगलमच्या ज्यूंच्या इतिहासावरचे प्रदर्शन तिथे खुले झाले. आता ती मुझिरिस या प्राचीन बंदराच्या परिसरातल्या वारसा प्रकल्पातल्या संग्रहालयांपैकी एक आहे. तिकीट काढावे, आत जावे, पाहावे, परतावे.

इथे एक प्रश्न उभा राहतो. जिथे देवाला हाक मारली जात होती, ती जागा केवळ पाहण्याची झाली तर काय राखले गेले आणि काय गेले? या प्रश्नावर दोन भूमिका आहेत आणि दोन्हींत दम आहे. इथे त्या दोन मराठी माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहेत अलिबागकडचे, बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातले निवृत्त शिक्षक. दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, मुंबईत जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करणारी वास्तुविशारद. लेखात त्यांना ‘गुरुजी’ आणि ‘संवर्धक’ म्हटले आहे.

संवर्धक : गुरुजी, आधी पर्याय काय होता ते बघू. समाज गेला. पावसाळा दरवर्षी चार महिने मुक्काम ठोकणार. सागवानाला वाळवी, भिंतीला झाडे, कौलांना गळती. संग्रहालय झाले नसते तर आज इथे ढिगारा असता. छत शाबूत आहे, कोरीवकाम शाबूत आहे, याचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

गुरुजी : देतो. पण शाबूत काय राहिले, ते विचार. सिनेगॉग म्हणजे चार भिंती नव्हेत. दहा प्रौढ पुरुष जमले की मिन्यान होते, मग ते घरी जमोत की झाडाखाली. दहा जमले नाहीत तर संगमरवरी इमारतीतही सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून जाहीर वाचन होत नाही. ती ठेवण्याचे हेखाल आहे आणि आत सेफेर तोरा नाही, ते नुसते कपाट झाले.

संवर्धक : म्हणजे तुमच्या मते ही जागा आता पवित्र नाही?

गुरुजी : तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. आमचे धर्मशास्त्र उलट सांगते.

गुरुजी ज्याकडे बोट दाखवतात तो आधार जुना आहे. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात, मेगिल्ला या भागात, सिनेगॉगच्या विक्रीचा आणि पडझडीचा विचार आला आहे. सिनेगॉग विकता येते, परंतु मिळालेल्या पैशातून त्याहून अधिक पवित्र वस्तू घ्यावी, उदाहरणार्थ तोरा ठेवण्याची पेटी. विकलेल्या जागेचे स्नानगृह किंवा कातडी कमावण्याचे ठिकाण होऊ नये, असेही मत तिथे नोंदले आहे. उजाड झालेल्या सिनेगॉगबद्दलचा नियम तर अधिक कडक आहे. तिथे दोर वळू नयेत, जाळी पसरू नयेत, छपरावर फळे वाळत घालू नयेत आणि जवळची वाट म्हणून त्यातून आरपार जाऊ नये. पडक्या अवस्थेतही जागेचे पावित्र्य टिकते, अशी त्यामागची धारणा आहे. केरळच्या ज्यूंनी जाताना काय केले, ते या नियमांच्या प्रकाशात पाहिले की नीट कळते. त्रिशूर जिल्ह्यातील माळा या गावच्या ज्यूंनी १९५५ साली आपले सिनेगॉग पंचायतीच्या हवाली केले. त्याचे प्रार्थनागृह करू नये आणि कत्तलखाना करू नये, अशी अट करारात घातल्याचे सांगितले जाते. निघून जाणाऱ्या माणसांनी मागच्या जागेसाठी केलेली ही तरतूद होती.

संवर्धक : मग पावित्र्य उजाडपणातही टिकत असेल तर संग्रहालय हाच सर्वांत योग्य वापर नाही का? इथे कोणी दोर वळत नाही, कोणी फळे वाळत घालत नाही. माणसे हळू बोलतात, पादत्राणे बाहेर काढतात.

गुरुजी : आरपार जाण्याची मनाई विसरलीस. मुझिरिस प्रकल्पात एका दिवसात किल्ला, वाडा, मशीद, दोन सिनेगॉग असे उरकून संध्याकाळी परत जाणारा पाहुणा दुसरे काय करतो? त्याच्या लेखी ही वाटेवरची एक जागा. मी त्याला दोष देत नाही. त्याला थांबायला लावणे हे जागेचे काम आहे.

संवर्धक : ते काम वास्तूच करते. तुम्ही मान वर करून छत बघा.

चेन्दमंगलमच्या छताकडे पाहावेच. रंगवलेल्या लाकडी चौकटींत कमळे आहेत, आणि खाली पितळेचे व काचेचे दिवे टांगलेले आहेत. पश्चिमेकडच्या भिंतीशी हेखाल, म्हणजे तोऱ्याच्या गुंडाळ्या ठेवण्याची कोरीव, रंगीत, सोनेरी मुलाम्याची पेटी. जेरुसलेम भारताच्या पश्चिमेला असल्याने केरळात आणि कोकणात हेखाल पश्चिमेकडेच असते. मुख्य दालनाच्या आधी अझारा नावाची ओसरीसारखी खोली येते. दालनाच्या मध्यभागी तेबा, म्हणजे कठडा असलेले व्यासपीठ, आणि भोवती बसण्याची बाके.

केरळच्या सिनेगॉगांचे जगावेगळे वैशिष्ट्य मात्र वरच्या मजल्यावर आहे. तिथे सज्जात दुसरी तेबा असते. रोजच्या प्रार्थना खालच्या तेबेवरून चालत; शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिनी, आणि सणांना तोऱ्याचे वाचन वरच्या तेबेवरून होई. या वरच्या तेबेला लागूनच, लाकडी जाळीच्या पलीकडे, स्त्रियांची बसण्याची जागा असे. एरवी जगभरच्या जुन्या सिनेगॉगांत स्त्रिया वाचनापासून लांब, मागे किंवा उंचावर बसत. केरळात आठवड्यातला सर्वांत महत्त्वाचा पाठ त्यांच्यापासून काही हातांवर होत असे.

संवर्धक : हे मला पुस्तकात वाचून कळले नसते. जाळीशी उभे राहिले, वरच्या तेबेचा कठडा हाताच्या अंतरावर दिसला, तेव्हा कळले. इमारत पडली असती तर ही गोष्ट कोणी तरी लिहिलेली तळटीप झाली असती. जागा जे शिकवते ते तिथे उभे राहूनच शिकता येते.

गुरुजी : इथे मी तुझ्या बाजूचा. पण जाळीपलीकडे बसणाऱ्या बायका काय करत होत्या, ते जाळी सांगत नाही. केरळच्या ज्यू बायकांकडे मल्याळम गाण्यांच्या वह्या होत्या. लग्नाची गाणी, सणाची गाणी, बायबलातल्या कथा, आपापल्या सिनेगॉगच्या उभारणीची गाणी. आईची वही मुलगी उतरवून घेई. बाया इस्रायलला गेल्या तेव्हा वह्या बरोबर गेल्या. बार्बरा जॉन्सन यांच्यासारख्या संशोधकांनी १९७०च्या दशकापासून त्या शोधल्या, म्हाताऱ्या बायांना गायला लावले, ध्वनिमुद्रण केले. भिंत उभी राहिली म्हणून गाणे राहिले, असे झालेले नाही. गाणे माणसांबरोबर गेले आणि तिकडे वाचले.

या मुद्द्यावर गुरुजींचे म्हणणे अधिक पटते. चेन्दमंगलमचे लाकूड केरळ सरकारने वाचवले, आणि चेन्दमंगलमच्या सिनेगॉगमधला आवाज इस्रायलच्या नेगेव वाळवंटात गेलेल्या बायकांनी. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय पाहुण्याला अर्धेच मिळते.

माणसे का गेली, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. ज्यूंनी देश सोडला की छळ झाला असणार, असे युरोपच्या इतिहासामुळे वाटते. केरळात मात्र राजांनी ज्यूंना मान दिला होता. इसवी सन १०००च्या सुमारास चेर राजा भास्कर रविवर्मा याने जोसेफ रब्बान या ज्यू पुढाऱ्याला ताम्रपट देऊन ७२ हक्क बहाल केले. पालखी, छत्र, दिवटी यांसारखे मानही त्यांत होते. कोचीतल्या मट्टंचेरीचे परदेशी सिनेगॉग, म्हणजे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या ज्यूंचे, १५६८ सालचे, कोचीनच्या राजवाड्याला खेटून उभे आहे. तरीही १९४८ नंतर इस्रायलची ओढ धर्मश्रद्धेतून आली. स्वातंत्र्यानंतरच्या काळात व्यापारातली अनिश्चितता वाढली होती, तीही जोडीला होती. त्या वेळी केरळात सुमारे अडीच हजार ज्यू होते. १९५३ ते १९५५ या काळात त्यांच्यातले बहुतेक गेले. जाण्याआधी त्यांना अडकावे लागले, कारण हत्तीपायाच्या रोगाची साथ येईल या भीतीने इस्रायलने त्यांचे स्थलांतर रोखून धरले होते.

गुरुजी : अब्राहम बराक सालेम यांचे नाव प्रत्येक पाहुण्याच्या कानी पडायला हवे. वकील होते. मट्टंचेरीच्या परदेशी सिनेगॉगमध्ये मुक्त केलेल्या दासांच्या वंशजांना बरोबरीने बसू देत नसत, आणि सालेम त्याच गटातले. त्यांनी सिनेगॉगच्या आत सत्याग्रह केला, गांधींच्या मार्गाने. पुढे इस्रायलला जाऊन मलबारी, म्हणजे केरळात पूर्वापार राहणाऱ्या, ज्यूंसाठी रदबदली केली. ज्यूंनी ज्यूंशी भेदभाव केला, हे सांगायला संग्रहालयाने संकोचू नये. मला स्वतःला हे सांगताना जड जाते, तरी सांगतो. सोनेरी हेखालापुढे उभे राहून फक्त सलोख्याच्या गोष्टी सांगितल्या तर त्या माणसांचा अपमान होतो.

संवर्धक : खरे आहे. आणि दुसरी एक गोष्टही सांगायला हवी. मट्टंचेरीला जाणाऱ्या पर्यटकाला वाटते की केरळचे ज्यू म्हणजे परदेशी सिनेगॉग. १७६२ साली एझेकिएल रहाबी यांनी चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, बाहेरचा घड्याळाचा मनोरा, सगळ्यांच्या छायाचित्रांत तेच. पण संख्येने जास्त होते ते मलबारी ज्यू. आठांपैकी सात सिनेगॉग त्यांची. चेन्दमंगलम आणि शेजारच्या परवूरची संग्रहालये झाली नसती तर त्यांची आठवण करून द्यायला कोण उरले होते?

त्या सातांचे पुढे काय झाले, ते पाहिले की जतनाचा प्रश्न हवेतला राहत नाही. मट्टंचेरीचे तेक्कुंभागम सिनेगॉग पाडले गेले. माळाच्या इमारतीचा सार्वजनिक सभागृह म्हणून वापर झाला. एर्नाकुलमचे तेक्कुंभागम बंद आहे. परवूरचे सिनेगॉग केरळच्या ज्यूंच्या जीवनपद्धतीचे संग्रहालय झाले. रस्त्यालगतचे दरवाजाघर, त्यापुढे खांबांची लांब आच्छादित वाट, मग अंगण, अझारा आणि दालन असा त्याचा संपूर्ण पसारा आजही दिसतो. एवढी पूर्ण मांडणी दुसऱ्या ठिकाणी उरलेली नाही. भिंतीवरच्या लेखानुसार सध्याची वास्तू १६१६ साली दावीद याकोव कास्तिएल या मुदलियारने, म्हणजे ज्यू समाजाच्या प्रमुखाने, बांधवली. परवूरचे मूळ हेखाल मात्र जेरुसलेमला गेले आणि त्याच्या जागी प्रतिकृती आहे.

सर्वांत विचार करायला लावणारी कथा मट्टंचेरीच्या कडवुंभागम सिनेगॉगची. १६व्या शतकातल्या या इमारतीतले कोरीव लाकडी छत आणि अंतर्भाग सुटा करून जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात नेला गेला, दुरुस्त केला गेला आणि १९९५ पासून तिथे मांडला आहे. मट्टंचेरीत उरली ती पोकळ इमारत. तिचा गोदामासारखा वापर झाला, आणि २०१९च्या पावसाळ्यात तिचा मोठा भाग कोसळला.

संवर्धक : या एका उदाहरणावर मी रात्रभर बोलू शकेन. छत नेले नसते तर तेही २०१९ साली गेले असते, असे एक बाजू म्हणते. छत नेले म्हणूनच मागच्या भिंतींकडे कोणी बघितले नाही, असे दुसरी बाजू म्हणते. माझे उत्तर असे : इमारत जागेवरच ठेवावी. अंतर्भाग काढला की इमारतीचा वाली जातो. चेन्दमंगलममध्ये हेखाल जागेवर आहे, म्हणूनच सरकारने छपराची काळजी केली.

गुरुजी : आणि माझे उत्तर वेगळे आहे. त्या छताखाली ज्यांनी लहानपणी प्रार्थना केली ते लोक इस्रायलमध्ये आहेत. त्यांची नातवंडे जेरुसलेमला जाऊन मान वर करून बघतात. मट्टंचेरीत त्या छताखाली कोण मान वर करणार होते? ज्याचा वारसा त्याच्याजवळ तो जावा, यात मला वावगे दिसत नाही.

संवर्धक : गुरुजी, वारसा एकट्या समाजाचा नसतो. सुतार इथले, सागवान इथला, कमळ इथले. छतावरची ती कमळे चेन्दमंगलमच्या शेजाऱ्यांचीही आहेत. गावातून ते नेले की गाव गरीब होते.

गुरुजी : हे मी मानतो. शेजाऱ्याचा वाटा मी विसरलो होतो.

दोघांचे मतभेद इथे थोडे निवळतात, पण मिटत नाहीत, आणि मिटण्याची गरजही नाही. सिनेगॉग ओस का पडले, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. स्पेनमधल्या तोलेदोचे एल त्रान्सितो सिनेगॉग सॅम्युएल हालेवी याने १४व्या शतकात बांधले. १४९२ साली ज्यूंना स्पेनमधून हाकलल्यावर ते चर्च झाले आणि आज ते स्पेनच्या ज्यूंचे संग्रहालय आहे. प्रागमधल्या पिन्कास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. तिथे भिंतच स्मारक झाली आहे, आणि तिच्यापुढे कोणी छताच्या रंगांची चर्चा करत नाही. केरळची गोष्ट या दोन्हींपेक्षा निराळी आहे. इथले लोक जिवंत गेले, मर्जीने गेले, मल्याळम बोलत गेले. नेवातिम या नेगेवमधल्या मोशावमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी वसाहतीत, ते स्थिरावले, फुलांची शेती करून फुले युरोपला पाठवू लागले, आणि तिथे त्यांनी कोचीनच्या ज्यूंचे स्वतःचे वारसा केंद्र उभे केले. म्हणून चेन्दमंगलमच्या संग्रहालयात शोकाचा सूर लावणे चुकीचे ठरेल. ज्यांची ही जागा होती त्यांचे वंशज आजही येतात. त्यांना तिकीट काढून आत यावे लागते, हा मुद्दा मात्र गुरुजींच्या मनाला लागून राहतो.

गुरुजी : माझी मागणी एवढीच आहे. या समाजाची दहा माणसे आली आणि त्यांनी सेफेर तोरा बरोबर आणली, तर त्या दिवशी दोन तास संग्रहालय बंद ठेवावे. पाट्या हलवू नका, काही करू नका. फक्त दार लावून त्यांना प्रार्थना करू द्या.

संवर्धक : हे अशक्य नाही. न्यूयॉर्कचे एल्ड्रिज स्ट्रीटवरचे १८८७ सालचे सिनेगॉग वीस वर्षे खपून दुरुस्त केले. आज ते संग्रहालय आहे आणि तिथे एक छोटी मंडळी प्रार्थनाही करते. खुद्द एर्नाकुलममध्ये कडवुंभागम नावाच्याच दुसऱ्या सिनेगॉगचे उदाहरण आहे. त्याच्या आवारात समाजातल्या एका गृहस्थाने शोभेच्या माशांचे आणि रोपांचे दुकान चालवून इमारत सांभाळली. २०१८ साली तिथे पुन्हा तोरा आली आणि प्रार्थना झाली. म्हणजे इमारत उभी असेल तरच माणसे परत येण्याची शक्यता उरते. माझा सगळा आग्रह त्यासाठीच असतो.

या वादाचा महाराष्ट्राशी संबंध वरवरचा नाही. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज, सात जोडपी, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले. तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या लोकांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्या धर्मशिक्षणात कोचीनच्या ज्यूंचा मोठा हात होता. १९व्या शतकात कोचीनहून आलेले शिक्षक कोकणातल्या आणि मुंबईतल्या मुलांना हिब्रू प्रार्थना शिकवत. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल एझेकिएल दिवेकर उर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. तोऱ्याच्या गुंडाळ्या आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

फरक असा की महाराष्ट्रातली बरीचशी सिनेगॉग अजून प्रार्थनागृहेच आहेत. ठाण्याचे १८७९ सालचे शआर हशामायीम, भायखळ्याचे १८६१ सालचे मागेन डेव्हिड, काळा घोड्याचे १८८४ सालचे केनेसेथ एलियाहू, पुण्याचे लाल देऊळ म्हणून ओळखले जाणारे ओहेल डेव्हिड, आणि अलिबाग, पनवेल, पेण, रेवदंडा येथली कोकणातली छोटी सिनेगॉग. २०११च्या जनगणनेत राज्यात ज्यूंची संख्या सुमारे अडीच हजार नोंदली गेली. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. ठाण्यात मिन्यान सहज जमते. कोकणातल्या काही गावांत सणालाही दहा जण गोळा करताना दमछाक होते.

संवर्धक : म्हणून मी म्हणते, गुरुजी, कोकणातल्या सिनेगॉगांची मोजमापे आत्ताच घेऊन ठेवावीत. नकाशे, छायाचित्रे, लाकडाची तपासणी. चेन्दमंगलमला हे काम माणसे गेल्यानंतर पन्नास वर्षांनी झाले. आपल्याकडे माणसे आहेत तोवर होऊ शकते.

गुरुजी : मोजमापे घे. पण टेपबरोबर ध्वनिमुद्रक आण. मलिदा या आमच्या विधीच्या वेळी प्रेषित एलियाहू हन्नाबीला हाक कशी घालतात, पोहे-नारळ-गुळाचे ताट कसे मांडतात, मराठीतली आमची कीर्तने कोणत्या चालीवर होतात, हे भिंतीला विचारून कळणार नाही. माझ्या पिढीला विचार. हजान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, आता जे पाठ म्हणतो ते त्याच्या आवाजात नोंदव. नंतर नुसते छत दाखवत बसावे लागेल.

संवर्धक : दोन्ही करू. आणि लोक येऊ लागले तर?

गुरुजी : येऊ देत. आधी विचारून येऊ देत. शब्बाथला, सणाला पाहणीसाठी येऊ नये. पुरुषांनी डोके झाकावे. हेखालाला हात लावू नये, पडदा सरकवू नये. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून ऐकावे. पाहुणा म्हणून आलेल्याला आम्ही कधी परत पाठवलेले नाही.

चेन्दमंगलमला जाणाऱ्या मराठी वाचकाने दाराशी उभ्या असलेल्या साराच्या दगडापाशी आधी थांबावे, मग आत जाऊन वरच्या तेबेकडे आणि जाळीकडे पाहावे, आणि शक्य झाल्यास त्याच प्रवासात परवूरलाही जावे. तिथून परतल्यावर ठाणे, पनवेल किंवा अलिबाग यांपैकी जवळच्या सिनेगॉगच्या विश्वस्तांना विचारून एकदा भेट द्यावी. तिथे अजून माणसे आहेत, आणि विचारले तर ती सांगतात.